ड्रॉइंगचा पाया: रेघेच्या आधी तुलना

प्रश्न थोडक्यात असा आहे की आर्टचं पहिलं वर्ष सुरू झालंय, फोटोवर ग्रिड टाकून काढलेले चेहरे छान येतात आणि सगळे कौतुकही करतात, पण वर्गात समोर साधी खुर्ची ठेवली की सगळं वाकडं जातं, रेघ थरथरते, बाकीचे पुढे गेल्यासारखे वाटतात. मग पायापासून सुरू करायचं तर नक्की कुठून, कोणत्या क्रमाने, रोज किती वेळ. आणि शेवटी हळूच विचारलंय की हात मुळातच असावा लागतो का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तोच तुला जास्त छळतोय असं दिसतंय. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते 1880 साली, तेव्हा तो 27 वर्षांचा होता, आणि त्याने सुरुवात केली ती फ्रेंच चित्रकार शार्ल बार्ग यांच्या सरावाच्या छापील पानांवरून एकेक चित्र उतरवून काढण्यापासून, अगदी शाळकरी मुलासारखं. आणि 1890 मध्ये, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, तो परत त्याच पानांकडे गेला. त्याची सुरुवातीची ड्रॉइंग बघ, माणसं ताठ आहेत, हात लाकडी आहेत, प्रमाणं चुकलीत. मी स्वतः बरीच वर्षं पहिल्या वर्षाला शिकवतोय आणि माझा अनुभव असा की काहींचा हात लवकर बसतो काहींचा उशिरा, पण पायाच्या गोष्टी जवळजवळ सगळ्यांना येतात, फक्त त्या कशा असतात हे आधी कळलं पाहिजे.

आता तुझी खरी अडचण. ग्रिडने चेहरा जमतो आणि खुर्ची जमत नाही याचा अर्थ तुझा हात ठीक आहे. हात कच्चा असता तर ग्रिडमध्येही चेहरा आला नसता. ग्रिड काय करतं, तर तुझ्या वतीने तुलना करून देतं, हा डोळा या चौकोनाच्या अर्ध्यात आहे, ही हनुवटी त्या रेघेच्या जरा खाली आहे. खुर्चीवर चौकोन आखलेले नसतात म्हणून तिथे तू एकटा पडतोस. ड्रॉइंगमधलं जवळपास सगळं, प्रमाण म्हण, पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान होत जाताना दिसतं ते कागदावर आणणं) म्हण, शेडिंग म्हण, शेवटी एकाच प्रश्नावर येतं: कशाच्या तुलनेत किती? ही बाजू त्या बाजूच्या किती पट, ही रेघ उभ्या रेघेपेक्षा किती कललेली, हा करडा त्या करड्यापेक्षा गडद की फिका. हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागणं म्हणजेच पाया, बाकीचं सगळं त्याच्यावर चढत जातं.

ग्रिड वाईट असं मी म्हणत नाहीये. व्हॅन गॉगनेच 1882 मध्ये दोऱ्या ताणलेली लाकडी चौकट बनवून घेतली होती आणि तिच्यातून बघून तो काढायचा. पण ती समोरच्या खऱ्या जागेकडे बघायची चौकट होती, दोरीच्या तुलनेत छप्पर किती तिरकं आहे हे बघून मग कागदावर स्वतः ठरवायचं. फोटोवर ग्रिड टाकून एकेक चौकोन भरताना ते ठरवणं फार कमी होतं.

तर पहिला सराव. एक बाटली आणि एक कप शेजारी ठेव, साधारण दोन हात लांब. काढायच्या आधी स्वतःला विचार, बाटलीची रुंदी तिच्या उंचीत किती वेळा बसेल? अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिही. मग पेन्सिल धरून मोज: हात पूर्ण सरळ, कोपर अजिबात वाकवायचं नाही, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक वस्तूच्या वरच्या कडेवर आणि अंगठा खालच्या कडेवर. कोपर का वाकवायचं नाही, तर डोळ्यापासून पेन्सिलीचं अंतर बदललं की तुझी मोजपट्टीच बदलली, पहिलं माप एका पट्टीने आणि दुसरं दुसऱ्या पट्टीने घेतल्यासारखं होतं. आणि पेन्सिल नेहमी काचेवर टेकवल्यासारखी धरायची, म्हणजे टेबलाची लांब जाणारी कड मोजताना ती त्या कडेच्या दिशेने पुढे झुकवायची नाही, ही चूक तर जवळपास प्रत्येकजण करतो. अंदाज आधी आणि माप नंतर, हा क्रम मोडू नकोस प्लीज, कारण आधीच मोजलंस तर डोळा काहीच शिकत नाही, फक्त पेन्सिल शिकते. अंदाज चुकल्यावर जे 'अरे, मला तर तीन पट वाटलं होतं, हे अडीचच आहे' असं होतं ना, तिथे शिकणं होतं.

कोनांचंही तसंच. खुर्चीच्या पाठीची कड तिरकी दिसते, पण किती तिरकी? पेन्सिल उभी धर, मग कडेबरोबर जुळेपर्यंत कलव आणि मधला फरक बघ, घड्याळात किती वाजल्यासारखा काटा दिसतो असा विचार केलास तर लक्षात ठेवायला सोपं जातं. आणि ओळंबा वापर, दोऱ्याला जड काहीतरी बांधून. दोरा समोर धरला की कळतं की खुर्चीच्या पाठीचा उजवा कोपरा खाली सोडला तर कुठे येतो, मागच्या पायावर की त्याच्या बाहेर. मी आजही मोठं चित्र काढताना दोरा लावतो.

मग ती रिकाम्या जागेची गोष्ट, निगेटिव्ह स्पेस. खुर्चीचे पाय काढू नकोस, पायांच्या मधली पोकळी काढ. हे ऐकायला ट्रिक वाटतं पण कारण पक्कं आहे. 'खुर्चीचा पाय' याचं तयार चित्र तुझ्या डोक्यात बसलेलं आहे, सरळ, चारही सारखे, आणि बघता बघता तू समोरचं सोडून तेच काढायला लागतोस. दोन पायांच्या मधल्या पोकळीला मात्र नाव नाही, तिचं तयार चित्र नाही, त्यामुळे ती कशी आहे हे बघावंच लागतं. चेहऱ्याचंही हेच होतं, डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण अर्ध्यावर असतात, पण सुरुवातीला जवळपास सगळेच ते वर काढतात कारण आपल्याला डोळे-नाक-तोंड महत्त्वाचं वाटतं आणि कपाळावरचा कवटीचा भाग नुसता केसांचा म्हणून दाबला जातो. टेबलाचा वरचा भाग सगळे गरजेपेक्षा रुंद काढतात, कारण तो आयत आहे हे आपल्याला माहीत असतं. माहीत असलेलं आणि दिसणारं यांची ही झटापट पुढे कायम चालू राहते, मी इतकी वर्षं काढतोय तरी संपलेली नाही, फक्त लवकर ओळखता येते.

रेघ थरथरते त्याबद्दल. दोन कारणं असतात आणि बहुतेक वेळा लोक चुकीच्या कारणावर मेहनत घेतात. एक, पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरून फक्त बोटं आणि मनगट हलवणं. ड्रॉइंगसाठी पेन्सिल जरा मागे धर, हात खांद्यातून हलव, बोर्ड तिरका किंवा उभा ठेव. सपाट टेबलावर काढलंस तर कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो, तिथे चपटं दिसतं म्हणून तू नकळत ताणून काढतोस आणि भिंतीवर लावल्यावर डोकं लांबलेलं दिसतं. दुसरं कारण जास्त मोठं: रेघ कुठे जाऊन थांबणार हेच ठरलेलं नसतं. मग माणूस छोट्या छोट्या केसाळ रेघा जोडत चाचपडत जातो. सुरुवात आणि शेवट दोन ठिपक्यांनी ठरव, हात दोनदा हवेत त्याच मार्गाने फिरव, मग एका दमात ओढ. चुकली तर चुकली. आणि चुकलेली रेघ लगेच खोडायची नाही, हे मी वर्गात इतक्या वेळा सांगतो. ती फिकी असू दे, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढ, मग हवं तर जुनी खोड. चुकलेली रेघ आहे म्हणून तर तुला कळतंय की आत घ्यायचंय की बाहेर, ती पुसलीस की परत कोरा कागद आणि परत तोच अंदाज, आणि बहुतेक वेळा रेघ परत जशीच्या तशी तिथेच पडते.

नुसत्या रेघांची पानंच्या पानं भरायचा सराव काही लोक महिनोन्महिने करायला सांगतात, मला ते पटत नाही. रोज दहा मिनिटं पुरे, हात गरम करायला.

साहित्यावर फार वेळ घालवू नकोस. 2बी आणि 4बी, जमल्यास एक एचबी, झालं. एच म्हणजे कडक आणि बी म्हणजे मऊ-काळी, आणि हा फरक येतो तो ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती किती मिसळली त्यावरून, माती जास्त तर शिस कडक आणि फिकी. ग्रॅफाइटची पूड आणि माती मिसळून भाजायची ही पद्धत फ्रान्समधल्या कोन्ते यांनी 1795 साली पेटंट केली आणि आजची पेन्सिल अजून त्याच तत्त्वावर बनते. शिस ब्लेडने लांब काढून ठेव म्हणजे टोक आणि कड दोन्ही वापरता येतात. साधं खोडरबर असतंच, पण मळून आकार देता येतो ते मऊ खोडरबरही घे, ते घासायचं नसतं, दाबून ग्रॅफाइट उचलायचं असतं. कागद स्वस्तातला आणि भरपूर घे. भारी कागदावर माणूस घाबरून काढतो.

पर्स्पेक्टिव्हला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात आणि खरं तर ते सगळ्यात सरळ आहे, कारण इथे नियम ठरलेले आहेत. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वास्तुविशारद ब्रुनेलेस्की यांनी ते पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं आणि आल्बेर्ती यांनी 1435 मध्ये लिहून मांडलं, म्हणजे त्या आधीच्या चित्रकारांनाही हे असं तयार मिळालं नव्हतं, तुला मात्र मिळतंय. पहिली गोष्ट, क्षितिजरेषा म्हणजे तुझ्या डोळ्याची पातळी. तू खाली बसलास की ती खाली येते, उभा राहिलास की वर जाते, ती काही लांब समुद्राजवळ अडकलेली नसते. सपाट मैदानात तुझ्याइतक्याच उंचीची माणसं कितीही लांब असोत, तू उभा असशील तर सगळ्यांचे डोळे त्याच रेषेवर येतात. गर्दी काढताना एवढं एक कळलं तरी निम्मं काम होतं.

एक पुठ्ठ्याचा खोका घे आणि त्याला आठवडाभर सोडू नकोस. त्याच्या कडा तीन दिशांच्या असतात, एका दिशेच्या सगळ्या कडा लांब जाताना एकमेकींकडे झुकतात, आणि पुढे वाढवल्या तर जिथे मिळतात तो त्यांचा वॅनिशिंग पॉइंट. सुरुवातीला सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मागच्या बाजूला कडा झुकण्याऐवजी फाकतात, खोका मागे मोठा होत जातो. तपासायला पट्टी लावून त्या कडा पुढे वाढव, लगेच दिसेल. दुसरी चूक, दोन्ही वॅनिशिंग पॉइंट कागदावरच बसवायचा हट्ट. मग खोक्याचा पुढचा कोपरा सुरीसारखा टोकदार होतो, कारण आपण एका वेळी नीट न ताणता जेवढं बघतो तो टप्पा साधारण 60 अंशांचा, आणि दोन्ही पॉइंट जवळ आणले की वस्तू त्या टप्प्याच्या बाहेर पडते. पॉइंट कागदाच्या बाहेर, लांब असू देत, अंदाजाने. खोका वळव, परत काढ, उघडा ठेव, परत काढ, जमिनीवर ठेवून वरून काढ.

मग ग्लास. इथे मला जरा थांबायचंय कारण लंबवर्तुळ नीट आलं की वस्तुचित्रातल्या निम्म्या तक्रारी जातात. ग्लास डोळ्याच्या पातळीला धर, तोंड नुसती रेघ दिसेल. हळूहळू खाली ने, ती रेघ उघडत उघडत गोल होत जाते. म्हणजे डोळ्याच्या पातळीपासून जितकं लांब तितकं गोल. आता ग्लास टेबलावर ठेव, त्याचं तोंड डोळ्याला जवळच्या पातळीवर आहे आणि तळ लांबच्या, म्हणून तळाचं वर्तुळ तोंडापेक्षा जास्त गोल दिसलं पाहिजे. आणि सगळे काय करतात? तळ सपाट काढतात, कारण ग्लास सपाट टेबलावर ठेवलाय हे माहीत आहे! परत तेच, माहीत असलेलं दिसणाऱ्याच्या अंगावर बसतं. लंबवर्तुळाच्या दोन बाजूंना टोकं नसतात, तिथे लहानसं का होईना वळण असतं, लिंबाच्या फोडीसारखी टोकं काढू नकोस. आणि ग्लास आडवा पडलेला असेल तर त्याच्या मधून जाणारी दांडी कल्पनेने काढ, लंबवर्तुळाचा आखूड अक्ष त्या दांडीच्या रेषेत येतो. चाक, बांगडी, नळकांडं, दंडाभोवतीची बाहीची कड, सगळीकडे हेच.

शेडिंग मात्र थोडं उशिरा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. मी शिकत असताना आधी शेडिंगच शिकलो, दोन वर्षं चेहरे घोटून घोटून काढले, त्वचा मऊ यायची आणि डोळे कवटीच्या बाहेर सरकलेले असायचे, आणि शेडिंग इतकं छान होतं की चूक कोणी दाखवतच नव्हतं. आकार चुकलेला असेल तर टोन, म्हणजे गडद-फिकेपणा, त्याला वाचवत नाही. बोटाने घासून मऊ करणं पहिले काही महिने पूर्ण बंद ठेव, घासलं की कडा जातात आणि कुठे वळण आहे हे ठरवायची वेळच येत नाही.

सुरुवात एका पांढऱ्या चेंडूने आणि एकाच दिव्याने कर, खोलीतले बाकीचे दिवे बंद. डोळे बारीक करून बघ, तपशील जातात आणि दोनच भाग उरतात, उजेडातला आणि सावलीतला. ती सीमारेषा आधी काढ. उजेडाच्या भागात सगळ्यात गडद जागा असेल तीसुद्धा सावलीतल्या सगळ्यात फिक्या जागेपेक्षा फिकी ठेवायची, पांढऱ्या चेंडूवर एकच दिवा असताना हा नियम धरून चाल. सावलीच्या कडेला टेबलावरून परत आलेला उजेड दिसतो, तो बघून मुलं खूश होतात आणि पांढरा करून टाकतात, मग चेंडू धातूचा वाटायला लागतो. तो उजेड सावलीच्याच घरातला आहे, शेजारच्या गडद पट्ट्यामुळे तो जास्त उजळ भासतो. आपला डोळा नुसता टोन ओळखण्यात किती कच्चा आहे हे बघायचं तर दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एडवर्ड एडल्सन यांनी 1995 मध्ये केलेलं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र बघ, नळकांड्याच्या सावलीतला 'पांढरा' चौकोन आणि उजेडातला 'काळा' चौकोन अगदी एकच करडा आहे आणि हे सांगितल्यावरही डोळा मानत नाही. म्हणून कार्डाला छोटं भोक पाडून त्यातून दोन जागा पाळीपाळीने बघ, आणि टोन पाचच ठेव, दहा-बारा पायऱ्यांची पट्टी सुरुवातीला काही कामाची नाही.

माणसं कधी काढायची असं विचारशील, तर आजपासूनच, पण वेगळ्या पद्धतीने. तीस सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटं, याच्या वर नाही. बसलेली, वाट बघणारी, चालणारी माणसं. या झटपट ड्रॉइंगना जेश्चर म्हणतात, त्यात नाक-डोळे शोधायचे नाहीत, वजन कुठे आहे ते शोधायचं. एका पायावर भार टाकून उभ्या माणसात त्या बाजूची कंबर वर जाते, त्याच बाजूचा खांदा बहुतेक वेळा खाली येतो, आणि गळ्याच्या खळग्यातून ओळंबा सोडला तर तो भार असलेल्या पावलावर येतो. तो नाही आला तर तुझा माणूस पडतोय. उंची साधारण साडेसात डोकी धर, आणि लगेच प्रत्यक्ष माणूस मोजून बघ, कारण मुलं आणि म्हातारी माणसं त्यात बसत नाहीत. स्नायूंची नावं पुढच्या वर्षी, आत्ता घाई नको.

फोटोवरून काढणं बंद कर असं नाही सांगत, पण निदान सहा महिने ते कमी कर. कॅमेरा एका डोळ्याने बघतो, जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, सावल्या काळ्या डागासारख्या सपाट होतात, आणि मुख्य म्हणजे तिन्ही मितींचं दोन मितींत आणायचं काम त्याने आधीच करून टाकलेलं असतं. तेच काम तर तुला शिकायचंय.

वेळेचं म्हणशील तर रोज एक तास खरा बसून दिलास तरी खूप आहे, रविवारी सहा तास आणि मग आठवडाभर काही नाही यापेक्षा कितीतरी बरं. दहा मिनिटं रेघा आणि लंबवर्तुळं, पंधरा-वीस मिनिटं जेश्चर, उरलेल्या वेळात एकच वस्तू मोजून मापून. आठवड्यातून एकदा मात्र तीन तासांचं एकच ड्रॉइंग कर, कारण चिकाटीने दुरुस्त करत जाणं हे छोट्या सरावात येतच नाही. वर्गातले पुढे गेलेत म्हणतोस, त्यांची वही बघितलीस तर त्यात काय जमलंय यापेक्षा ते कुठे थांबून दुरुस्त करतात ते बघ.

आणि काढून झालं की आरशात बघ किंवा कागद उलटा कर, डोळ्याला सवय झालेल्या चुका तिथे एकदम उघड्या पडतात. मग कागदाच्या मागे तारीख घाल आणि एकच वाक्य लिही, आज कुठली तुलना चुकली: 'पाठ रुंदीच्या दीडपट काढली, होती सव्वापट', असं आकड्यात. 'चांगलं नाही आलं' असं लिहू नकोस, त्यातून काही कळत नाही. वीस-पंचवीस कागद झाले की ती वाक्यं एकत्र वाच, तुझी चूक एकाच बाजूला झुकलेली दिसेल, कोणी सगळंच रुंद काढतं, कोणाचं सगळं डावीकडे कलतं. तुझी कुठली आहे ते कळलं की पुढच्या ड्रॉइंगला पहिली पाच मिनिटं फक्त तेवढंच तपासायचं. सुरुवात त्याच खुर्चीपासून कर, वर्गातल्याच, आणि या वेळी पहिली रेघ पायांच्या मधल्या पोकळीची काढ.